पहिल्या जॅक अँड जिलला उतरताना

वेस्ट कोस्ट स्विंग या जोडीनृत्याच्या जॅक अँड जिल स्पर्धेत जोडीदार ऐनवेळी ठरतो, गाणंही आधी कळत नाही. म्हणून बसवलेल्या स्टेप्सच्या भरवशावर जाऊ नकोस. प्राथमिक फेरीत परीक्षक तुला एकटीला गुण देतात, अंतिम फेरीत जोडीला. बघतात ताल, तंत्र आणि एकमेकांशी जुळणं. माझ्या पाहण्यात नवे लोक तालातच जास्त चुकतात. तेव्हा रोज नुसता अँकर, म्हणजे स्टेपच्या शेवटी जागीच स्थिरावणं, घोटून घे. शुगर पुश या मूळ स्टेपच्या सहा मात्रांपैकी शेवटच्या ५-आणि-६ वर पुढे सरकायचं नाही, वजन मागे स्थिरावू द्यायचं, हातातला हलका ताण टिकवायचा. घाईने निघालीस तर जोडीदाराला पुढची खूण देताच येत नाही. मी कित्येक महिने याच घाईत घालवले. आणि जोडीदार अगदी नवखा निघाला तरी चेहरा पाडू नकोस गं, त्याला सांभाळून घे.