जुन्या फोनवर लिनेजओएस बसवण्यासाठी सगळे एकदम करणारी स्क्रिप्ट चालवावी का?

तुमच्या जुन्या अँड्रॉइड फोनला सुरक्षा अपडेट मिळणे बंद झाले आहे, संगणकावर उबुंटू (लिनक्सची एक आवृत्ती) आहे, आणि बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्राम) अनलॉक करण्यापासून लिनेजओएस (अँड्रॉइडवर आधारित मुक्त प्रणाली) बसवून फोन रूट करण्यापर्यंत (म्हणजे त्यावर पूर्ण ताबा मिळवण्यापर्यंत) सगळे एकाच दमात करणारी बॅश स्क्रिप्ट (बॅश या प्रोग्रामने ओळीने चालवायच्या कमांडची फाइल) तुम्हाला सापडली आहे. ती चालवावी का, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की ती चालवू नये, पण ओळ न् ओळ अवश्य वाचावी आणि त्यातल्या ज्या कमांड समजतील व पटतील त्याच स्वतः, एकेक करून द्याव्यात.

एखादी कमांड फसली तरी बॅश आपणहून थांबत नाही, पुढच्या ओळीकडे जाते. फसल्यावर थांबायचे असेल, तर लिहिणाऱ्याला तशी सोय स्क्रिप्टमध्ये मुद्दाम करावी लागते, आणि घाईने लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये नेमकी तीच नसते. परिणामी डाउनलोड अर्धवट तुटले, तरी ती तुटकी फाइल फास्टबूट (संगणकावरून फोनमध्ये प्रणाली लिहिणारे साधन) फोनमध्ये लिहू लागण्याचा धोका राहतो. म्हणून प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) डाउनलोडच्या पानावरच्या चेकसमशी स्वतः ताडून पाहावा.

दुसरा धोका मी स्वतः भोगला आहे. बाजारात एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या फोनचे आतले सांकेतिक नाव प्रदेशानुसार वेगळे असू शकते. मी चालवलेली स्क्रिप्ट अशाच जुळ्या मॉडेलसाठी लिहिलेली होती. तिने मोडेमचे (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचे) पार्टिशन, म्हणजे साठवणीतला कप्पा, बदलले, फोन सुरू झाला, पण सिमला नेटवर्क मिळेना. कंपनीचे मूळ फर्मवेअर (फोनची आतली प्रणाली) शोधून परत बसवेपर्यंत माझे दोन दिवस गेले. लिनेजओएसच्या विकीवर प्रत्येक सांकेतिक नावाचे स्वतंत्र पान आहे ते याचसाठी. आपल्या फोनचे सांकेतिक नाव एडीबीने (संगणकावरून फोनला कमांड देणाऱ्या साधनाने) विचारून घ्यावे, केवळ खोक्यावरच्या नावावर विसंबू नये.

बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, त्यामुळे फोटो आणि संपर्क आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि सेन्सरांचे कॅलिब्रेशन ज्या छोट्या पार्टिशनांमध्ये असते, त्यांची प्रत कस्टम रिकव्हरीतून (फोनच्या दुरुस्तीसाठी बाहेरून बसवलेल्या छोट्या प्रणालीतून) घेता येत असेल तर तीही घ्या, कारण ती माहिती त्या एकाच फोनची असते आणि दुसऱ्याच्या फोनवरून आणता येत नाही.

स्क्रिप्टच्या शेवटी बूटलोडर पुन्हा लॉक करण्याची ओळ असेल, तर ती मुळीच देऊ नका. बहुतेक फोन लॉक असताना फक्त कंपनीच्या सहीची प्रणाली स्वीकारतात, आणि इतर काही बसवलेले असेल तर सुरूच होत नाहीत. पिक्सेल फोनमध्ये सही तपासण्याची स्वतःची किल्ली नोंदवता येते, परंतु तो अपवाद आहे.

रूट करण्याची पायरी मी तुमच्या जागी गाळली असती. सुरक्षा अपडेट मिळवण्यासाठी तिची गरज नाही, आणि बूटलोडर अनलॉक असल्यामुळे आधीच कुरकुरणारी बँकांची व यूपीआयची अ‍ॅप रूट केलेल्या फोनवर आणखी अडतात. पैशांचे व्यवहार याच फोनवर होत असतील, तर आधी दुसऱ्या फोनवर त्यांची सोय करा.

फोन जोडल्यावर एडीबीने परवानगी नसल्याची तक्रार केली, तर सगळी स्क्रिप्ट सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवण्याचा मोह टाळा. उबुंटूच्या पॅकेजमधून यूडेव्हचे (जोडलेल्या उपकरणांची परवानगी ठरवणाऱ्या यंत्रणेचे) नियम बसवले की ती अडचण सहसा सुटते. फोनचे सांकेतिक नाव आणि स्क्रिप्टमधल्या न समजलेल्या ओळी कळवल्यात, तर त्या नेमके काय करतात ते मी सांगेन.