निळा रंग कागदावर मळकट का होतो: माझा अनुभव

कोकणकड्याच्या छायाचित्रावर आपण रचलेली निळी वर्तुळे पडद्यावर लखलखतात आणि छापून आल्यावर राखेसारखी दिसतात, हे आपले वर्णन वाचून मला माझे सांदण दरीचे चित्र आठवले. त्यातला जांभळट निळा त्रिकोण असाच विझला होता. चित्राचे थर (एकावर एक ठेवलेले स्वतंत्र भाग) आणि मास्क (थराचा हवा तो भाग झाकण्याची सोय) यांविषयी लिहीत नाही. ते आपल्याला उत्तम जमले आहे.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी छापखान्याने 'सीएमवायके करून पाठवा', म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) रंगपद्धतीत बदलून पाठवा, एवढेच कळवले. कोणत्या कागदासाठी, कोणते प्रोफाइल (त्या यंत्रावर, शाईने आणि कागदावर रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल), हे तीनदा विचारूनही उत्तर आले नाही. घाईत मी मूळ आरजीबी (पडद्याच्या लाल, हिरव्या, निळ्या रंगांची) फाइलच सीएमवायकेत बदलली, सगळे थर एकत्र केले आणि त्याच नावाने जतन केली. चार शाईंच्या आवाक्यात न बसणारा निळा रंग त्या क्षणी जवळच्या फिक्या छटेवर आणला जातो, आणि फाइल पुन्हा आरजीबी केली तरी तो परत येत नाही, कारण त्याची नोंदच उरलेली नसते. तक्रार केल्यावर 'जशी आली तशी छापली' असे सांगण्यात आले. पैसे गेले त्याचे फारसे वाटत नाही. आठ महिने घडवलेले चित्र मूळ रूपात माझ्यापाशीही राहिले नाही, हे मात्र आजही सलते.

मी छपाईतज्ज्ञ नाही, तरी माझे मत ठाम आहे: मूळ फाइल आरजीबीतच, थरांसह आणि प्रत्येक चॅनलला (लाल, हिरवा, निळा यांपैकी एकेका रंगाला) 16 बिट ठेवून जपावी, कारण आकाशाच्या संथ उतरत्या छटांना 8 बिटच्या 256 पायऱ्या पुष्कळदा अपुऱ्या पडतात आणि पट्टे उमटतात. छापखान्याचे प्रोफाइल मागून सॉफ्ट प्रूफ (छापून कसे दिसेल याची पडद्यावरची झलक) पाहावे, रूपांतर फक्त प्रतीवर करावे. कलाछपाईची अनेक इंकजेट यंत्रे चारांहून अधिक शाई वापरतात आणि तेथे आरजीबी फाइल चालते. अशा ठिकाणी आधीच सीएमवायके करणे म्हणजे हातचे रंग टाकून देणे. कोणी प्रोफाइल सांगायलाच तयार नसेल, तर मी तेथे काम देत नाही.

रचनेविषयी एकच सुचवतो. कोकणकड्याची अंतर्वक्र कडा मुळातच वर्तुळाच्या तुकड्यासारखी आहे, तेव्हा मोठ्या वर्तुळाची कमान तिच्या वळणाशी जुळवून पाहावी. आणि दूरच्या वर्तुळांवर धुक्याइतकाच फिकेपणा द्यावा, नाहीतर ती वरून चिकटवल्यासारखी वाटतात.

आपल्याकडे थरांची फाइल अजून शाबूत असेल, तर पुन्हा छापायला देण्याआधी तिची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी, ही कळकळीची विनंती.