शेवटच्या पानावरून परतणारं गिऱ्हाईक

प्रश्न : माझं पडदे आणि चादरींचं ऑनलाइन दुकान आहे. लोक वस्तू कार्टमध्ये टाकतात, पत्तासुद्धा भरतात आणि पैसे भरायच्या पानावरून निघून जातात. पेमेंट नीट चालतं, मी स्वतः तपासलंय. मग चुकतंय कुठे?

कार्ट अर्ध्यावर सोडणारे सगळीकडेच असतात. बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अशा अभ्यासांची सरासरी काढते, ती ७० टक्क्यांच्या आसपास येते. त्यातले बरेचसे नुसते बघायला आलेले असतात, त्यांच्यासाठी जीव टाकू नका. पण पत्ता भरणारा माणूस घ्यायच्या तयारीने आलेला असतो. तो परत गेला तर मात्र नक्की काहीतरी खटकलंय.

मी तुमच्या दुकानातून मोबाइलवर एक पडदा घेऊन बघितला. वस्तूच्या पानावर जी किंमत, तीच कार्टमध्ये. पत्ता लिहून झाल्यावर त्यात डिलिव्हरीचा खर्च आला आणि शेवटच्या पानावर 'पॅकिंग शुल्क'. रक्कम फार नव्हती, पण आकडा दोनदा बदलला आणि माझं बोट थांबलं. अजून काय काय लागणार, असं मनात आलंच. याच बेमार्डच्या पाहण्यांमध्ये खरेदी सोडण्याचं पहिलं कारण वर्षानुवर्षं हेच निघतं : ऐन वेळी वाढलेला खर्च.

पत्ता कळल्याशिवाय डिलिव्हरीचा हिशेब होत नाही, ही तुमची अडचण खरी आहे. मग वस्तूच्या पानावरच, किमतीच्या खाली, फक्त पिनकोड विचारा आणि तिथेच एकूण रक्कम दाखवा. पॅकिंगचा खर्च मूळ किमतीत धरा. किंमत थोडी जास्त दिसेल, दिसू द्या. आधी कळलेली जास्त किंमत माणूस पटवून घेतो. शेवटी वाढलेली किंमत त्याला फसवणूक वाटते, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नाही.

प्रश्न : खरेदीआधी खातं उघडणं मी सक्तीचं ठेवलंय, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आलं की सगळं तयार असतं. मुलगी म्हणते, हे काढा. कोणाचं ऐकू?

मुलीचं.

वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका मोठ्या दुकानाचा अनुभव लिहिला होता. दुकानाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. तिथे चेकआउटच्या, म्हणजे पैसे भरायच्या टप्प्याच्या, आधी ईमेल, पासवर्ड आणि 'नोंदणी करा' असा छोटासा फॉर्म होता. नवे लोक वैतागायचे, हे अपेक्षितच. पण जुनेही अडकायचे. कोणता ईमेल दिला होता तेच आठवेना, म्हणून ४५ टक्के ग्राहकांची एकाहून जास्त खाती झालेली. पासवर्ड विसरल्याच्या रोज सुमारे १,६०,००० विनंत्या यायच्या आणि त्यातले तीनचतुर्थांश लोक पुढे खरेदीच पूर्ण करत नसत. मग 'नोंदणी करा' हे बटण काढून तिथे 'पुढे चला' असं बटण ठेवलं, खात्याची गरज नाही असं दोन ओळींत लिहिलं. खरेदी ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची भर पडली.

म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी तुम्ही खातं ठेवलंय, नेमके तेच त्यात अडकतात. खात्याचं विचारायचंच असेल तर ऑर्डर झाल्यावर विचारा. नाव-पत्ता तोवर तुमच्याकडे आलेलाच असतो, फक्त पासवर्ड मागायचा उरतो.

प्रश्न : फोटो चांगले हवेत म्हणून मुद्दाम मोठे टाकलेत. आता साइट हळू झाली, असं लोक म्हणतात. फोटो कमी करू का?

फोटो कमी करू नका, त्यांचं वजन कमी करा. कॅमेऱ्यातून निघालेला ४,००० पिक्सेल रुंदीचा फोटो मोबाइलच्या पडद्याला लागतच नाही, पण उतरवून घ्यावा लागतो तो पूर्णच. योग्य मापात कापून वेबपी (WebP) या हलक्या फाइल-प्रकारात साठवलात तर डोळ्यांना फरक कळणार नाही, वेगात मात्र कळेल. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. तपासताना घरच्या वायफायवर तपासू नका. साधा फोन घ्या आणि रेंज जेमतेम असेल तिथे उभे राहा.

ही चूक फार जुनी आहे. बू डॉट कॉम हे कपड्यांचं झगमगीत दुकान नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालं. फिरवून बघता येणारे कपडे होते, बोलकी विक्रेती होती, पण तेव्हाच्या डायल-अप, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या संथ जोडणीवर पान उघडता उघडेना. मे २००० मध्ये ते बंद पडलं. पैशांची उधळपट्टीही भोवली, पण दारातच ताटकळलेल्या गिऱ्हाइकाचा त्यात मोठा वाटा होता.

आणखी एक : प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहायला सांगा. नाहीतर फोटो उशिरा येतो, पान खाली सरकतं आणि 'खरेदी करा'वर टेकलेलं बोट भलत्याच ठिकाणी पडतं.

प्रश्न : साइट उघडताच ईमेलच्या बदल्यात सवलत देणारा पॉप-अप, म्हणजे पानावर उघडणारी चौकट, दाखवावा का?

नको. माल बघण्याआधी ईमेल मागणं म्हणजे दारात वाट अडवणं. दाखवायचाच असेल तर दोन-तीन वस्तू बघून झाल्यावर दाखवा, आणि बंद करायची फुली अंगठ्याला सापडेल एवढी मोठी ठेवा.

प्रश्न : फॉर्ममध्ये लोक चुका करतात आणि सोडून जातात. सूचना वाढवू का?

सूचना कोणी वाचत नाही. माझ्या आत्याला मी एकदा ऑनलाइन खरेदी करताना बघत होते. तिने फोन नंबर नेहमीसारखा, मध्ये जागा सोडून लिहिला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. लाल अक्षरातली चूक वर कुठेतरी आली होती, तिला ती दिसलीच नाही. तिने पुन्हा दाबलं, आणि सगळा फॉर्म कोरा. पत्ता, नाव, सगळं गेलं. "नंतर बघते," म्हणून तिने फोन उलटा ठेवला. ती वस्तू तिने आजतागायत घेतलेली नाही, आणि त्या दुकानदाराला यातलं काहीही कळलेलं नाही.

नंबरातली मोकळी जागा काढून टाकणं हे संगणकाचं काम आहे, एका ओळीच्या कोडचं. डेव्हलपरला तेवढं आजच सांगा. नंबरच्या रकान्यावर बोट ठेवताच आकड्यांचा कीबोर्ड उघडू दे. चूक झालीच, तर त्याच रकान्याखाली शब्दांत लिहा : 'एक आकडा कमी आहे'. नुसता लाल रंग पुरत नाही, तो सगळ्यांना ओळखू येत नाही. आणि काहीही झालं तरी माणसाने एकदा लिहिलेलं पुसू नका.