म्यानमारमध्ये लष्करी राजवट जाऊन लोकशाही परत येईल का?

लवकर येईल असं वाटत नाही. 2008 ची राज्यघटना लष्करानेच बनवली. संसदेच्या 25 टक्के जागा लष्कराने नेमलेल्यांसाठी राखीव, आणि महत्त्वाची कलमं बदलायला 75 टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे किल्ली कायम त्यांच्याच खिशात. नोव्हेंबर 2020 मध्ये आंग सान स्यू की यांचा पक्ष दणदणीत बहुमताने जिंकला, तरी 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता बळकावलीच. 2023 मध्ये तो पक्षच बरखास्त केला. मग नंतरच्या मतदानाला काय अर्थ उरतो?

बंडानंतर यांगूनमध्ये लोक रोज रात्री आठ वाजता दारात, गॅलरीत उभे राहून पातेली बडवायचे. दुष्ट शक्ती पळवायची तिथली जुनी रीत. 2024 मध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली आणि तिथली तरुण पोरं देश सोडू लागली. फार वाईट वाटतं.

पण लष्करही जिंकलेलं नाही. लाशिओ शहर 2024 मध्ये वांशिक सशस्त्र गटाने त्यांच्याकडून हिसकावलं, पुढच्या वर्षी परत मिळालं तेही चीनने दबाव आणला म्हणून. राखाइन राज्याचा बहुतेक भाग अराकान आर्मी या अशाच दुसऱ्या गटाकडे आहे. खरी मेख इथे आहे: या वांशिक गटांना खरंखुरं संघराज्य हवंय, आणि त्यावर बामार बहुसंख्याकांशी त्यांचा पक्का समझोता अजून झालेला नाही.