शेकाट्याच्या (लांब पायांचा पाणपक्षी) फोटोत पाण्यातलं प्रतिबिंब अर्धं कापलं जातं, एडिट करून नीट होईल का?

भाऊ, कापलेलं प्रतिबिंब एडिटिंगमध्ये परत येत नाही, फोटो काढतानाच पक्ष्याच्या खाली त्याच्या उंचीएवढी जागा सोडायची, हवं तर कॅमेरा उभा धरा. नागपूरच्या अंबाझरी तलावावर मी सकाळी काठावर पार पोटावर झोपून काढतो (कपड्यांची वाट लागते, घरी बोलणी बसतात), वारा सुटायच्या आत, कारण एकदा लाटा आल्या की शेकाट्याचे ते गुलाबी पाय खाली नुसते नागमोडी दोरे दिसतात. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला असेल तर काढा, तो प्रतिबिंबच खातो.

एडिट करताना आधी फोटो सरळ करा, पण काठ बघून नाही, काठ तिरपा असू शकतो. चोचीचं टोक आणि पाण्यातल्या चोचीचं टोक जोडणारी रेघ अगदी उभी आली पाहिजे. मग पांढऱ्या पोटाचे हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) कमी करा, पिसं दिसेपर्यंत. प्रतिबिंब साधारण जरा काळपटच असतं, ते उजळवून सारखं केलं की फोटो खोटा वाटतो. आणि वरचा पक्षी कॉपी करून उलटा चिकटवू नका बुवा, खऱ्या प्रतिबिंबात पोटाकडची बाजू जास्त दिसते, लगेच पकडले जाल.