गुडघ्यांचं निमित्त पुरे झालं

पत्र :

ताई, मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारातलं, सासर मांजलपूरला. वय ४७, शाळेत शिकवते. धाकटीच्या वेळी चिमटा लावून बाळंतपण झालं, तेव्हापासून खोकलं-शिंकलं की थोडी लघवी व्हायची. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘सगळ्यांनाच होतं, बोलायचं नसतं.’ दोन वर्षांपासून पाळी अनियमित झाली आणि हे फार वाढलं. शाळेतून आल्यावर दाराचं कुलूप उघडेपर्यंतही धीर निघत नाही. बीपीची गोळी सुरू झाल्यापासून कोरडा खोकला आहे, त्याने आणखी भर. पाणी कमी पिते, गडद रंगाचेच कपडे घालते, सुती कापडाच्या घड्या ठेवते, वास येईल म्हणून चार-चार वेळा जंतुनाशकाने धुते. गरबा लहानपणापासून खेळत आले, तोही तीन वर्षं बंद. गुडघे दुखतात म्हणून सांगते. एकदा ह्यांच्याजवळ असताना लघवी झाली. ह्यांना कळलं की नाही, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सासूबाईंच्या खोलीत झोपते, त्यांना रात्री तीनदा उठावं लागतं हे कारण सांगून. याला दीड वर्ष झालं. परवा कमाटीबागेत चालताना ह्यांनी विचारलं, ‘माझं काही चुकलं का?’ मी नुसतं ‘नाही’ म्हटलं. मला स्वतःचीच किळस येते. नवरात्राला चार महिने आहेत आणि मुलगी म्हणते, यंदा तू हवीसच. काय करू?

– एक वाचक, बडोदा

उत्तर :

तुमचं पत्र वाचून मला आधी तुमच्या यजमानांची काळजी वाटली. दीड वर्ष ते एकटे झोपताहेत आणि आपलं काय चुकलं ते शोधताहेत. तुम्ही लघवीच्या भीतीने लांब गेलात हे त्यांना कळणार कुठून? कंटाळली असेल, रागावली असेल, आता मी नकोसा झालो असेन, असा काहीतरी अर्थ त्यांनी लावून घेतला असणार. तुम्हाला स्वतःची किळस येते आणि त्यांना वाटतंय तुम्हाला त्यांची येते. डॉक्टरांची वेळ घ्यायच्याही आधी हे थांबायला हवं.

कमाटीबागेतच सांगा. चालता चालता असलं बोलणं जरा सोपं जातं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. प्रस्तावना नको. ‘तुमचं काहीच चुकलेलं नाही. मला लघवी आवरत नाही. त्या रात्री तुमच्याजवळ असताना झाली, म्हणून लाजेने मी आईंच्या खोलीत गेले. मला डॉक्टरांकडे जायचंय, सोबत चला.’ एवढं पुरे. ते लगेच काही बोलले नाहीत तर त्याचा वाईट अर्थ काढू नका. तुमचं यावर दीड वर्ष मन शिजतंय, त्यांच्या कानावर ते पहिल्यांदाच पडणार आहे. ज्या माणसाने इतक्या दिवसांनी राग न काढता ‘माझं चुकलं का’ असं विचारलं, तो हे ऐकून घेईल असं मला मनापासून वाटतं.

आणि बरी झाले की मग सांगीन, असं मुळीच ठरवू नका. उपचाराला काही महिने जातात. तेवढे महिनेही त्यांना अंधारात ठेवायचं कशाला?

आई म्हणाल्या त्यातला अर्धा भाग खरा आहे. दर चार बायकांमागे एकीला तरी आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. शाळेच्या स्टाफरूममध्ये तुमच्या आजूबाजूला बसणाऱ्यांपैकी कोणीतरी अशीच घडी ठेवून बसलेली असेल. पण ‘बोलायचं नसतं’ हा जो दुसरा अर्धा भाग आहे, त्याने आपल्या घरातल्या बायकांचं फार नुकसान केलंय. शुगर किती, बीपी किती, हे आपण लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतो. हे मात्र बाई वीस-वीस वर्षं अंगावर काढते. डॉक्टरही आपण होऊन विचारत नाहीत, ती आपण होऊन सांगत नाही, आणि हळूहळू तिचं प्रवासाला जाणं, हसणं, नवऱ्याजवळ झोपणं, सगळं कमी होत जातं. घरच्यांना वाटतं, वयानुसार अबोल झाली.

तुम्हाला नेमकं काय होतंय ते समजून घ्या, म्हणजे किळस जरा उतरेल. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधाराने असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, चिमटा लावावा लागला तर जास्तच. मग खोकल्याने, शिंकेने, उडीने पोटात दाब आला की मूत्रमार्गाला पुरेसा आधार मिळत नाही आणि लघवी सुटते. तुमची सुरुवात इथून झाली. कुलूप उघडेपर्यंत धीर न निघणं हा वेगळा प्रकार. त्यात मूत्राशय पुरतं भरलेलं नसतानाच अवेळी आकुंचन पावतं. घराचं दार दिसलं की लघवीची कळ येते, ही तक्रार डॉक्टर रोज ऐकतात. पाळी जायच्या सुमारास शरीरातलं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळेही त्रास वाढतो. पत्रावरून तुम्हाला दोन्ही प्रकार असावेत असं दिसतं. दोघांचे उपचार वेगळे, म्हणून तपासणी हवीच.

त्या कोरड्या खोकल्याचं मात्र लगेच बघा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या बीपीच्या गोळ्यांनी काही जणांना असा खोकला होतो, आणि दिवसभर खोकणाऱ्या बाईची लघवी सुटणारच. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना खोकला आणि लघवी दोन्ही सांगा, बदलून मिळणाऱ्या गोळ्या आहेत.

पाणी तोडणं आजपासून थांबवा. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्त चिडतं, वासही वाढतो आणि संसर्गाची भीती असते. दिवसभरात थोडं थोडं करून दीड-दोन लिटर पोटात जाऊ द्या, झोपण्याच्या दोन तास आधी कमी करा. चहा-कॉफीने कळ वाढते, तेव्हा चहाचे कप मोजा. जंतुनाशक तर तिथे लावूच नका. त्याने त्वचा आणखी कोरडी होते, आग होते. साधं पाणी पुरतं. सुती घडीऐवजी लघवीसाठीच बनवलेले पॅड मिळतात, ते घ्या. पाळीचे पॅड लघवी तितक्या झटपट शोषत नाहीत. बद्धकोष्ठ असेल तर तोही सोडवा, कारण रोज कुंथण्याने त्याच स्नायूंवर ताण येतो. वजन वाढलेलं असेल तर पाच-दहा टक्के उतरलं तरी फरक पडतो.

खरा भर व्यायामावर आहे. अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये याबद्दल लिहिलं, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. चारचौघांत वारा सरकू नये म्हणून आपण जे आवळून धरतो, ते स्नायू आत आणि वर खेचायचे. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. निदान तीन महिने रोज करायचं, तेव्हा फळ दिसतं. पुष्कळ जणी दोन आठवड्यांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडतात. त्याहून जास्त जणी चुकीचं करतात: श्वास रोखतात, पोट-नितंब आवळतात, नाहीतर उलट खाली जोर लावतात. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करणंही बरं नव्हे. म्हणून पहिल्यांदा शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडून आपण बरोबर करतोय का ते तपासून घ्या. सयाजी हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विभाग आहे आणि त्याच आवारात फिजिओथेरपीचं कॉलेजही आहे. खाजगीत जायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञांना असं शिकवणाऱ्या कोण आहेत ते विचारा. एक युक्ती मात्र आजपासून वापरता येईल. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी ते स्नायू आवळा, मग खोका.

कळ येते त्यासाठी मूत्राशयाला वळण लावावं लागतं. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, किती प्यायलात, कधी गळलं. ती वही डॉक्टरांनाही दाखवा, अर्धं निदान तिथेच होतं. मग दोन वेळांमधलं अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचं. कळ आली की धावत सुटायचं नाही. जागच्या जागी थांबून स्नायू आवळायचे, लाट ओसरली की शांतपणे जायचं. याला सहा आठवडे तरी द्या. तेवढ्याने भागलं नाही तर मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. त्यातल्या काहींनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होतो, एक प्रकार घेताना बीपीवर लक्ष ठेवावं लागतं, तेव्हा तुमचं बीपी आवर्जून सांगा. योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम पाळी जायच्या वयात फार उपयोगी पडतं. स्तनाचा कर्करोग कधी झाला असेल तर ते आधी सांगायचं. खोकल्याबरोबर गळणं व्यायामानेही थांबलं नाही तर शस्त्रक्रिया आहे. त्यात कृत्रिम जाळीची पट्टी बसवणार की स्वतःच्या शरीरातली, हे विचारा. जाळीच्या त्रासाच्या तक्रारींमुळे २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचा सरसकट वापर थांबवला गेला, म्हणून दोन्हींचे धोके समजून घेतल्याशिवाय सही करू नका. पण तुम्ही अजून त्या टप्प्याच्या फार अलीकडे आहात.

काही गोष्टी घडल्या तर मात्र थांबायचं नाही: लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं, थेंब थेंब सतत गळत राहणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला अचानक बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणं. शेवटच्या दोन गोष्टी असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

जवळिकीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं पत्र तुम्ही त्याच ओळीसाठी लिहिलंत. जे झालं ते कित्येक बायकांना होतं. संसर्ग नसेल तर थोड्याशा लघवीने नवऱ्याला काही अपाय होत नाही. आधी बाथरूमला जाऊन या, अंथरुणावर जाड टॉवेल पसरा, आणि तो लपवू नका, दोघांना ठाऊक असू दे. पोटावर भार येणार नाही अशी स्थिती निवडा. कुशीवर किंवा तुम्ही वर असाल तर बऱ्याच जणींना सोपं जातं. कोरडेपणामुळे दुखत असेल तर पाण्यात विरघळणारं वंगण औषधांच्या दुकानात मिळतं. ते मागायची तुम्हाला लाज वाटली तर यजमानांना आणायला सांगा. आणि पहिल्याच रात्री सगळं व्हायला हवं असं नाही. आधी फक्त त्या खोलीत परत जा, शेजारी झोपा, हात हातात घ्या. दीड वर्षाने तेही खूप मोठं असेल, तुम्हाला आणि त्यांनाही.

म्हातारी झाले, बाईपण गेलं, असले विचार ४७व्या वर्षी तुमच्या मनात येत असतील तर त्यांना त्या झोळीच्या स्नायूंपलीकडे काही आधार नाही. वर्ग सांभाळता, घर सांभाळता, यातलं काय कमी झालंय? महिना-दोन महिने उपचार घेऊनही मन असंच उतरलेलं राहिलं, झोप लागेना, कशात रस वाटेना, तर डॉक्टरांना तेही सांगा. त्यावरही औषध असतं.

मुलीला किती सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ती मोठी आहे. माझं मत विचाराल तर सांगावं. तिचीही बाळंतपणं व्हायची आहेत, आणि ‘बोलायचं नसतं’ हे तिच्यापर्यंत पोहोचू नये. गरब्याला मोठ्या मैदानावर जायलाच हवं असं नाही. तिथे स्वच्छतागृह लांब, पुढे रांग. सोसायटीतला गरबा घ्या, घर दोन मिनिटांवर असतं. पॅड लावा, संथ फेऱ्या खेळा, ताल वाढला की बाहेर या आणि टाळ्या द्या. आजपासून व्यायाम सुरू केलात तर चार महिन्यांत कदाचित त्याही पुढे जाल. उपवासात साबुदाण्याने पोट घट्ट होतं, तेवढं सांभाळा.

राहिल्या सासूबाई. तुम्ही खोली बदललीत तर त्यांचं रात्री कसं होणार, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. उशाशी बेल ठेवा, बाथरूमपर्यंत मंद दिवा चालू राहू द्या, फरशी कोरडी ठेवा, जमलं तर पलंगाजवळ कमोडची खुर्ची ठेवा. पण त्या तीनदा का उठतात, हे कोणी त्यांना विचारलंय का? वाढलेली शुगर, पायांची सूज, संध्याकाळी घेतलेली लघवीची गोळी, किंवा तुम्हाला होतोय तोच त्रास, यातलं काहीही असू शकतं. बहुतेक त्यांनीही कोणाला सांगितलेलं नसेल. सोमवारी हॉस्पिटलला जाल तेव्हा त्यांनाही सोबत घ्या आणि केसपेपर दोघींचे काढा.