‘सारतः समान काम’ की ‘समतुल्य काम’?

अमेरिकेतील समान वेतनाच्या खटल्यांत न्यायाधीश ज्यूरीला जे सांगतात, त्याच्या मराठी अनुवादाविषयी दोन शंका विचारल्या आहेत: त्या ‘सूचना’ की ‘निर्देश’, आणि ‘सबस्टॅन्शिअली ईक्वल’ कामाला ‘समतुल्य काम’ म्हणावे का?

पहिलीचे उत्तर सोपे आहे. सूचना ऐकावी किंवा सोडून द्यावी (सूचनापेटीतल्या कागदांचे पुढे काय होते, ते आपण जाणतोच). ज्यूरी मात्र वस्तुस्थिती ठरवते, कायदा नव्हे. तो न्यायाधीश सांगतील तसाच लावावा लागतो. म्हणून ‘निर्देश’.

‘समतुल्य’ मात्र टाळावाच. १९६३ सालच्या समान वेतन कायद्याच्या मूळ मसुद्यात ‘तुलनीय’ काम होते, ते काढून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मुद्दाम ‘समान’ काम घातले. परिचारिका आणि सुतार यांच्या कामांचे मोल एकच आहे का, असल्या वादात न्यायालयांनी शिरू नये हा त्यामागचा हेतू. ‘समतुल्य’ म्हटले की मोलाची तीच तुलना मागच्या दाराने परत येते. उलट नुसते ‘एकसारखे’ लिहिले तर वादी स्त्रीवर कायद्याने न घातलेले ओझे पडते. १९७०च्या व्हीटन ग्लास खटल्यात पुरुष अधूनमधून उचल-ठेवीची जादा कामे करतात, असा बचाव होता. अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि कामे हुबेहूब असण्याची गरज नाही, असे ठरवले. आपल्याकडील, आता रद्द झालेल्या १९७६च्या समान मोबदला कायद्याच्या व्याख्येतही कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांबरोबर, व्यवहारात महत्त्व नसलेले फरक सोडून द्यावेत, हा विचार होता. तोच अर्थ ‘सारतः समान’ नेमका पकडतो. ‘बरेचसे सारखे’ ढिले पडते.

निर्देशांतील ‘कामाची परिस्थिती’ या शब्दांनाही जपावे. मराठी वाचक त्यांत रात्रपाळी सहज धरील, परंतु १९७४च्या कॉर्निंग ग्लास खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्थ कामाच्या जागेचे वातावरण आणि तेथील धोके एवढाच घेतला आणि पाळीची वेळ त्यातून वगळली. अनुवादात ‘कामाच्या जागेची परिस्थिती’ असे लिहिले, तर हा घोटाळा बराचसा टळेल.